फळा, खडू आणि मंगळवेढ्याची वाट

सोलापुरात आमच्या चौकात एक फळा आहे. गेली अकरा वर्षं रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी त्यावर दिनविशेष लिहितो. कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, एखादी लढाई, एखादा राज्याभिषेक, आणि शेवटी ठरलेलं ‘विनम्र अभिवादन’. हे दोन शब्द हाताच्या इतके सवयीचे झालेत की ते लिहून होईपर्यंत डोकं दुकानाच्या कुलपापाशी पोचलेलं असतं.

सगळ्यात पंचाईत होते 12 जानेवारीला. जिजाऊंची जयंती, विवेकानंदांची जयंती, आणि आमचे चार हुतात्मे: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरावर मार्शल लॉ लागला आणि 1931 साली याच तारखेला येरवड्यात चौघांना फाशी झाली. नेमकी तेव्हाच सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा तोंडावर आलेली. एका वर्षी जागा पुरेना म्हणून मी हुतात्म्यांची नावं बारीक अक्षरात कोपऱ्यात लिहिली. एक म्हातारे गृहस्थ आले, काही बोलले नाहीत, खिशातून चष्मा काढून फळ्याला नाक लावून वाचत बसले. पुढच्या वर्षीपासून ती नावं वर गेली.

तर 2024 च्या आषाढात फळा आणि खडूचा डबा शेजारच्या नववीतल्या पोराच्या हवाली केला आणि पायी निघालो. आळंदी-देहूची वारी लांबची, दुकान तेवढं थांबत नाही. पण शेगावहून गजानन महाराजांची पालखी सोलापुरातूनच पुढं जाते. तिच्या मागेपुढे आमच्यासारख्या लहान दिंड्या चालतात. सोलापूर, तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा, पंढरपूर. त्या वर्षी एकादशी 17 जुलैला होती.

पहिल्याच दिवशी तिऱ्ह्यापर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. नवे बूट घालून वारीला निघू नये हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं.

13 तारीख कामतीच्या वाटेवर उजाडली. मी सवयीनं फळ्यावर काय लिहिलं असतं ते मनात जुळवत होतो. आज पावनखिंड. 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज रात्रीच्या पावसात पन्हाळ्यावरून निघाले, शिवा काशीद त्यांचं सोंग घेऊन दुसऱ्या पालखीत बसला आणि मारला गेला, आणि दुसऱ्या दिवशी बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली. ती रात्र आषाढी पौर्णिमेची. म्हणजे तिथीनं पाहिलं तर अजून आठवडा होता. आमच्या चौकात यावरून दर वर्षी वाद होतो. मी दोन्ही दिवशी लिहितो आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो.

हे सगळं मी शेजारून चालणाऱ्या आजींना सांगत होतो. अकोल्याकडच्या, सत्तरीच्या पुढच्या. डोक्यावर तुळस, पायात झिजलेली रबरी चप्पल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग त्या खिंडीतल्या बाकीच्याइचं काय लिहिता जी?”

मी म्हटलं, बांदलांचे मावळे होते. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा, म्हणजे सगळ्यांत आधीचा, मान जेध्यांचा होता, तो महाराजांनी या लढाईनंतर बांदलांना दिला. जेध्यांनीही मोठ्या मनानं सोडला. हे सांगताना माझ्या लक्षात आलं की अकरा वर्षांत फळ्यावर हे मी एकदाही लिहिलेलं नाही. राजानं उपकार कसा फेडला ते राहिलं, मी नुसता अभिवादनाचा शिक्का मारत आलो.

दुपारच्या विसाव्याला आजी खोबरेल तेलाची बाटली घेऊन माझ्या पायापाशी बसल्या. मी पाय ओढून घेतले. आईच्या वयाची बाई, तिच्या हातात पाय कसा द्यायचा? “पाय तुमचे नोहोत, माउलीचे हायेत,” म्हणाल्या आणि टाच पकडली. तेल चोळता चोळता आपली गोष्ट सांगितली. बहात्तरच्या दुष्काळात त्या नव्या नवरी. घरात दिवसाला मोजून भाकरी. सासू आपल्या वाटणीची अर्धी भाकर लुगड्यात लपवून आणायची आणि चुलीमागं बसवून सुनेला खाऊ घालायची. “वर्स-दीड वर्स असंच. मले तवा समजलंच नाही का ते उपाशी ऱ्हाते म्हणून.”

“कधी गेल्या त्या?”

“तारीख मले मालूम नाही. पोळ्याच्या करीले गेली. त्या रोजी मी एक पान वाढतो, कोनीबी येऊ दे दारात.”

मग माझ्याकडं बघून हसल्या. “तुमच्या फयावर मावते का माही सासू?”

बेगमपूरच्या पुलावरून भीमा ओलांडली की माचणूर. नदीकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आणि जवळच औरंगजेबाच्या छावणीच्या वेळचा किल्ला. 1695 पासून चारेक वर्षं दिल्लीच्या बादशहाचा तळ इथं ब्रह्मपुरीच्या परिसरात होता. एवढी फौज, एवढे हत्ती-घोडे; आसपासच्या गावांनी किती कडबा आणि किती ज्वारी पुरवली असेल, देव जाणे. घाटावर बसून मी पाय पाण्यात सोडले. तेलानं फोड मऊ झाले होते. पडक्या तटावर शेळ्या चढत होत्या आणि एक पोरगं त्यांना खाली हाकत होतं, त्याला बादशहाचं काही पडलेलं नव्हतं.

मंगळवेढ्यात मात्र पाय रेंगाळला. ज्वारीचं गाव, आणि ज्वारीनंच मोठा झालेला संत इथला. दामाजीपंत बहमनी राज्याचे अधिकारी. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली. शिक्षा समोर दिसत असताना. पुढं विठू महार होऊन देवानं बिदरला पैसे भरले, ही कथा आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आणि याच गावात 1338 साली गावकूस बांधताना भिंत कोसळून चोखोबा गेले. वेठीचं काम. ज्या गावकुसाबाहेर राहायचं, तेच बांधायचं. ढिगाऱ्यातून त्यांच्या अस्थी नामदेवांनी शोधल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. जिवंतपणी ज्यांना आत घेतलं नाही त्यांची समाधी दारातच, आत जाणाऱ्या प्रत्येकाला ओलांडून जाता येऊ नये अशी.

आजींनी तिथं मंगळवेढ्यात जमिनीला हात लावून कपाळाला लावला. मी विचारलं, हे कुणासाठी? म्हणाल्या, “भिंत पडली त्यात आनखी लोक असतीन ना.”

पंढरपुरात गर्दीत आमची चुकामूक झाली. दर्शन मुखदर्शनावरच भागवलं. महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकलं, आणि एस.टी.नं घरी आलो. आजींचं नाव विचारायचं राहिलंच.

फळ्यावर अजून 13 तारीखच होती. पोरानं ‘बाजीप्रभू’ ऱ्हस्व लिहिलं होतं आणि नंतरचे सगळे दिवस दांडी मारली होती. 21 जुलैला पौर्णिमा. मी फळा पुसला आणि पहिल्यांदा लिहिलं शिवा काशीद, नेबापूरचा न्हावी. मग बांदलांचे मावळे. मग बाजीप्रभू. पहिल्या पानाची हकिकत लिहिता लिहिता जागा संपली, खालचं ‘विनम्र अभिवादन’ राहून गेलं. चहावाला पोरगा कळशी ठेवून वाचत उभा राहिला.

“काय की काका, पान म्हणजे खायचं का?”

त्याला सांगत बसलो. दुकान त्या दिवशी अर्धा तास उशिरा उघडलं.

आमच्याकडं बैलांचा सण बेंदूर. तो आधीच होऊन जातो. पोळ्याची कर कधी ते कॅलेंडरात बघावं लागलं. सप्टेंबरात आली. त्या सकाळी वर नेहमीचं लिहिलं, खाली मधोमध वीतभर जागा कोरी सोडली. चहावाला म्हणाला, “खडू संपला का? देऊ आणून?”