परदेशातला गाशा गुंडाळताना फोन सगळ्यात शेवटी

पंधरा-वीस वर्षं एका देशात काढून मायदेशी परतायचं ठरलं की लोक आधी खोकी आणतात. खोकी शेवटच्या दोन महिन्यांत आणली तरी चालतं. त्याआधी फोन नंबराचं बघावं.

तिथली बँक, पेन्शन, करखातं, विमा, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरावर येतात. निघायच्या आदल्या दिवशी लाइन तोडली की महिन्याभराने स्वतःचेच पैसे बघता येत नाहीत. नंबर बदलायला जावं, तर त्याचाही ओटीपी जुन्याच नंबरावर! म्हणून तीनेक महिने आधीच सगळ्यात स्वस्त प्लॅनवर जावं. प्रीपेड असेल तर किती दिवस न वापरल्यास नंबर रद्द होतो, हे विचारून घ्यावं. रोमिंगवर एसएमएस येतात का तेही बघावं आणि सोय असेल तिथे ऑथेंटिकेटर अ‍ॅप (एसएमएसशिवाय फोनवरच कोड देणारं) लावून टाकावं.

बँक खातंही घाईने बंद करू नये. घराची अनामत, विजेच्या बिलातली उरलेली रक्कम, कराचा परतावा हे सगळं आपण गेल्यावर येतं. परतावा तर बऱ्याचदा पुढच्या वर्षी. मात्र देश सोडलेल्या ग्राहकाचं खातं प्रत्येक बँक चालू ठेवतेच असं नाही, तेव्हा आधी विचारलेलं बरं.

कागदांचं सोपं आहे, फक्त तिथे असतानाच करायचं. पोलिसांचा चारित्र्य दाखला, मुलांचे शाळेचे दाखले, लसीकरणाच्या नोंदी, नोकरीची पत्रं. जन्म, विवाह आणि पदवीच्या प्रमाणपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, घ्यावं. दोन्ही देश 1961 च्या हेग करारात असतील तर साधारणपणे तेवढ्यावर भागतं. नसतील तर वकिलातीच्या साक्षांकनाची वेगळी खेप.

आता सामान. 20 फुटी कंटेनरची आतली जागा साधारण 33 घनमीटर, पण घरसामान त्यात 28 च्या पुढे क्वचितच बसतं. तेवढं नसेल तर इतरांच्या सामानासोबत पाठवता येतं. पैसे घनमीटरवर पडतात, पण कंटेनर भरेपर्यंत थांबावं लागतं आणि सामान जास्त हातांतून जातं.

खरी मेहनत यादीवर घ्यावी. ‘किरकोळ घरगुती’ असं लिहिलेलं खोकं कस्टम्सवाले हमखास उघडायला लावतात. ‘खोकं 14: पुस्तकं 32, टेबललॅम्प 1, सर्व वापरलेलं’ असं लिहावं, विजेच्या उपकरणांचे सीरियल नंबरही टाकावेत. परतणाऱ्यांना मिळणारी शुल्कसवलत बहुतेक ठिकाणी परदेशातल्या मुक्कामाच्या काळावर आणि आपण पोहोचल्यानंतर किती दिवसांत सामान येतं यावर ठरते. जहाज आधी पोहोचलं आणि आपण मागे राहिलो, तर बंदरात दिवसागणिक भाडं चढत जातं.

स्वतः भरलेल्या खोक्यातली मोडतोड विमा कंपन्या सहसा मानत नाहीत, म्हणून काचसामान पॅकरलाच भरू द्यावं. पुस्तकं 40-45 लिटरच्या छोट्या खोक्यात भरावीत; मोठं खोकं भरलं तर उचलताना तळ सुटतो. समुद्रात दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार होणाऱ्या कंटेनरच्या छताला दव धरतं आणि ते थेंबाथेंबाने खाली गळतं. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगून घ्याव्यात, गाद्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घ्याव्यात. लाकडी पेटी वापरली तर तिच्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का आणि ‘एचटी’ ही अक्षरं बघावीत, म्हणजे लाकूड कीड मरावी म्हणून 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं आहे.

पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला मागच्या बाजूने वाहतुकीचे बोल्ट लावल्याशिवाय ते हलवू नये. ड्रम आपटून आतल्या स्प्रिंगा आणि शॉकअ‍ॅब्झॉर्बर जातात. हे बोल्ट मशीन घेताना काढलेले असतात आणि बहुतेक घरांतून हरवलेले. अर्थात विजेची फ्रिक्वेन्सी 60 हर्ट्झ असलेल्या देशातून 50 च्या देशात चालला असाल तर जुनं मशीन तिथेच विकावं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. मेन्सच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारं घड्याळ तर तासाला 10 मिनिटं मागे पडेल. चार्जरवर ‘100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ असेल तर फक्त पिन बदलायची.

शेवटच्या दिवशी रिकाम्या खोल्यांचे आणि मीटरच्या आकड्यांचे फोटो काढावेत आणि चाव्या परत दिल्याची लेखी पोच घ्यावी. अनामत अडकते ती तिथेच.