पक्ष पंधरवड्यातल्या तीन सुप्रा

रविवार, रात्र. तिबिलिसी.

नखांत सापेरावीचा जांभळा रंग बसलाय, दोनदा हात धुऊनही जात नाही. या द्राक्षाचं नुसतं सालच नाही, आतला गरही लालसर असतो. उद्या नऊला बायोकेमिस्ट्रीचा तास आहे, पण आजच लिहून ठेवते.

जॉर्जियात येऊन पाच आठवडे झाले. पाहुणी शिक्षिका म्हणून एका सत्रापुरती आलेय, वर्गात निम्मी मुलं आपल्याकडची, लातूर, सांगली, नाशिकची. शुक्रवारी विभागातल्या लोकांनी जेवायला नेलं, काल एका सहकारी बाईंच्या मुलाचं लग्न, आज त्यांच्या माहेरी काखेतीत, म्हणजे इथल्या द्राक्षांच्या मुलखात, द्राक्षतोडणी. तीन दिवसांत तीन सुप्रा, म्हणजे मेजवान्या.

शुक्रवारची एकच गोष्ट लिहायची आहे. वांग्याचे लांब काप तळून, त्यात अक्रोडाचं वाटण भरून गुंडाळ्या केलेल्या. पहिला घास घेतला आणि मेथीचा वास आला. विचारलं, तर म्हणाले, ही उत्सखो सुनेली, निळी मेथी. नावाचा अर्थ परक्या मुलखातला सुवास. मला तर तो थेट आमच्या फोंड्याच्या स्वयंपाकघरातला वाटला.

कालचं लग्न मोठं होतं, अडीचशे माणसं असतील. आपल्याकडे पक्षात लग्न कोण काढेल, पण इथे हा सुगीचा आनंदाचा काळ. सुप्रा म्हणजे मुळात टेबलावर अंथरायचं कापड, त्यावरून मेजवानीलाच ते नाव पडलं. पण ते कापड दिसतच नाही. जागा संपली तरी वाढपी थांबत नाहीत, दोन ताटल्यांच्या काठांवर तिसरी टेकवतात, तिच्यावर चौथी. मी पंधरा दिवस शाकाहार पाळतेय, तरी माझ्यापुढे पालकाच्या आणि बिटाच्या प्खाली (अक्रोडात वाटलेले गोळे, वर डाळिंबाचे दाणे), राजम्याचं लोबियो, चीजची गरम खाचापुरी, असं येतच राहिलं. आल्या आल्या मला ही उधळपट्टी वाटायची. पानात काही टाकायचं नाही, हे बाबांनी लहानपणापासून अंगी बाणवलेलं. इथे उलट, टेबलाचा तळ दिसला तर यजमानाला कमीपणा.

पण काल तीन तास बसल्यावर कळलं की माणसं खायला जमलेलीच नसतात. ती बोलायला आणि ऐकायला जमलेली असतात. तमादा उठतो, म्हणजे त्या दिवसाचा सूत्रधार, आणि तो बोलेपर्यंत कोणी पेल्याला तोंड लावत नाही. शांततेसाठी, मुलखासाठी, नवरानवरीसाठी, आईवडिलांसाठी, दर वेळी चार-पाच मिनिटं, मनापासून. मग 'गाउमारजोस', विजय असो. मी वाइन घेत नाही हे त्यांना आधीच सांगितलं होतं, माझ्या पेल्यात द्राक्षाचा रस होता. मध्येच चार पुरुषांनी बसल्या जागेवरून गायला सुरुवात केली. वाद्य नाही, काही नाही. तीन आवाज तीन वाटांनी जातात आणि शेवटी एका सुरावर येऊन थांबतात. माझ्या अंगावर काटा आला.

मग तमादाने विचारलं, भारतात कुठून? गोवा, म्हटलं. त्याने पेला खाली ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, ही बाई जिथून आली तिथे आपली राणी केतेवान चारशे वर्षं होती.

काखेतीची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासने धर्म बदलायला सांगितलं, तिने ऐकलं नाही, म्हणून 1624 मध्ये शिराझला हाल करून तिला मारलं. तिथल्या पोर्तुगीज ऑगस्टीनियन साधूंनी तिच्या अस्थी गोव्याला आणल्या. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चमध्ये उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत त्याचा डीएनए तपासला. आईकडून येणारा यू1बी हा गट निघाला, जो भारतात आढळला नव्हता आणि जॉर्जियात आढळतो. 2021 च्या जुलैमध्ये आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या अस्थींचा अंश इथे आणून दिला. हे उदाहरण मी वर्गात शिकवते. पण काल ते ऐकताना ज्यांचे डोळे भरून आले, ती तिची माणसं होती.

तमादा म्हणाला, 'अलावेर्दी', म्हणजे आता पुढचे शब्द तुमचे. मी उठले. मी सातवीत असताना बाबांनी त्या चर्चचा अर्धा उरलेला मनोरा दाखवला होता, एवढंच सांगू शकले. बाबा आता नाहीत, हेही बोलून गेले. सहकारी बाई जॉर्जियनमध्ये सांगत होत्या आणि अख्खं टेबल उभं राहिलं.

आज सप्तमी, बाबांची तिथी. सकाळी गोंबोरीच्या घाटात गाडी असताना धाकट्याने व्हिडिओ कॉल लावला. अंगणात पान वाढलेलं, कावळा अजून आला नव्हता. ''ताई, तू तिथून हात जोड,'' म्हणाला. रेंज गेली.

दिवसभर द्राक्षं तोडली. घराच्या मारानीत, म्हणजे वाइनच्या कोठारात, क्वेव्री आहेत, माणूस मावेल एवढे मातीचे रांजण, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. अंगणात बायका कढईत द्राक्षाचा रस आणि पीठ घोटत होत्या, अक्रोडाच्या माळा त्यात बुडवून काठीवर टांगायच्या. चुर्चखेला. बेबियाने, म्हणजे घरच्या आजीने, माझा हात धरून माळ सावकाश वर खेचायला शिकवलं, घाईने ओढली तर थर सुटतो.

संध्याकाळी जेवताना गेलेल्यांच्या नावाने बोलायची वेळ आली. आवाज आपोआप उतरले. बेबियाने पावाचा तुकडा मोडला आणि त्यावर वाइनचे चार थेंब सोडले, तिच्या नवऱ्यासाठी. मग माझ्याकडे पाहिलं. कालचं तिच्या कानावर गेलं असणार. दुसरा तुकडा मोडून माझ्या हातात दिला आणि आज काढलेल्या ताज्या रसाचा पेला पुढे सरकवला. मी थेंब सोडले. तिने बाबांचं नाव विचारलं, मी सांगितलं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर म्हणाली. मग टेबलावरच्या प्रत्येकाने ते नाव घेतलं.

स्टुमारी घ्वतिसा, इथे म्हणतात. पाहुणा देवाचा असतो. देव नव्हे, देवाचा, म्हणजे त्याने आपल्याकडे सोपवलेला.

बेबियाने येताना चार चुर्चखेला दिल्या. अजून ओल्या आहेत, खिडकीच्या गजाला टांगल्यात.