घाटावर निर्माल्य निवडताना

गौरी-गणपतींच्या विसर्जनाला आज मुठेच्या घाटावर निर्माल्य गोळा करायला उभी होते. नुसतं गोळा करून भागत नाही. दूर्वा, केवडा, आघाडा एका ढिगात; हारांचे दोरे, जरीच्या पट्ट्या, प्लास्टिकच्या पिशव्या वेगळ्या. दोरे राहिले की खताचा गुंता होतो. एक आजी पिशवी सोडेचनात. "वाहत्या पाण्यातच सोडायचं असतं गं!" याचं झाडांना खत होणार म्हटल्यावर मात्र शेजारी बसून स्वतःच दोरे ओढायला लागल्या. इतकं बरं वाटलं!

मूर्ती पीओपीची असेल तर घरीच बादलीत अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात विसर्जन करा. आपल्या पुण्याच्या एनसीएलनेच (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने) दिलेली पद्धत आहे.

अनंत चतुर्दशीला माणसं कमी पडणार आहेत. तासभर जमलं तरी या, हातमोजे घेऊन. चारनंतर जास्त गरज लागेल.