मुशर्रफ, मामा आणि दोरीवरची बनियनं

५ फेब्रुवारी २०२३, रविवार. जेवणं उरकून मी ओसरीवर ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत बसले होते. आप्पा खाटेवर आडवे. शेजारी ठेवलेला माझा फोन थरथरायला लागला तो थांबेचना. घरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, ‘मुशर्रफ गेला, दुबईत.’ म्हणजे पाकिस्तानचे माजी लष्करप्रमुख आणि राष्ट्राध्यक्ष परवेज मुशर्रफ. पाठोपाठ तिघांनी फटाक्यांची चित्रं टाकली.

तासाभराने खरं भांडण पेटलं. काँग्रेसचे खासदार शशी थरूर यांनी श्रद्धांजली वाहताना लिहिलं होतं, की एके काळचा भारताचा हा कट्टर शत्रू २००२ ते २००७च्या काळात शांततेसाठी खरंच झटला. भाजपवाले तुटून पडले. थरूर यांनी उलट विचारलं, मुशर्रफ एवढे अस्पृश्य होते तर वाजपेयी सरकारने २००३ साली त्यांच्याशी शस्त्रसंधी का केली, २००४ साली संयुक्त निवेदन कसं काढलं? दिल्लीतलं ते भांडण आमच्या ग्रुपवर जसंच्या तसं उतरलं. पिंपरीच्या चुलतभावाने कारगिल काढलं, पुण्यात शिकणाऱ्या भाचीने २००४चं निवेदन. ‘पुस्तकी पोरी’, ‘काका, तुम्ही जरा वाचा’ इथपर्यंत गाडी गेली आणि चुलतभाऊ ग्रुप सोडून गेला.

मी काहीच लिहिलं नाही. हेच भांडण बावीस वर्षांपूर्वी मी याच ओसरीवर ऐकलं होतं. फक्त तेव्हा बाजू भलत्याच लागल्या होत्या.

आमचं गाव साताऱ्याजवळ. अपशिंग्यासारखं ‘मिलिटरी’ म्हणून गाजलेलं नाही, पण घरटी एक माणूस पलटणीत असतोच. आप्पा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन घरी आले, एकाहत्तर पाहिलेले. दादा त्यांच्याच वाटेने गेला. आणि कराडचे मामा म्हणजे दुसरं टोक. हायस्कुलात इतिहास शिकवायचे, सेवादलात वाढलेले, अंगात खादी, आणीबाणीत येरवड्याला जाऊन आलेले. आप्पा त्यांना ‘गुरुजी’ म्हणत, मामा आप्पांना ‘दाजी’. दोघं एकत्र आले की आई चहाचं आधण मोठंच ठेवायची.

१४ जुलै २००१ला वाजपेयींशी आग्र्याला शिखर परिषद करायला मुशर्रफ आधी दिल्लीत उतरले तेव्हा मामा आमच्याकडे मुक्कामाला होते. बाहेर पावसाची झड, वीज जाऊन-येऊन. दरियागंजच्या नहरवाली हवेलीत, आपल्या जन्मघरी जाऊन मुशर्रफ त्या घरात पूर्वी काम केलेल्या म्हातारीला भेटले, तेव्हा आईने डोळ्याला पदर लावला. “पोरगं आपलंच की,” म्हणाली. मला संताप आला. दोनच वर्षांपूर्वी, जून ९९मध्ये, याच माणसाच्या फोनच्या टेपा आपण ऐकल्या होत्या. हा बीजिंगमध्ये, त्याचा जनरल अझीझ रावळपिंडीत, आणि गप्पा कारगिलच्या. आपले ५२७ जवान त्या डोंगरांवर गेले. त्यातला एक दादाच्या ट्रेनिंगचा सोबती होता. त्याच्या आईला भेटायला आम्ही गेलो होतो, तिने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं.

कुणालाही वाटेल, की शांतिवादी मामा म्हणणार बोला आणि लष्करी आप्पा म्हणणार हाकला. झालं नेमकं उलटं.

मामा खवळले होते. “दाजी, नवाझ शरीफ कसाही असो, लोकांनी निवडून दिलेला पंतप्रधान. ह्याने ९९च्या ऑक्टोबरात त्याला उचलला, देशाबाहेर घालवला, अन् पाहुणा म्हणून यायच्या आधी तीन आठवडे स्वतःच राष्ट्राध्यक्ष होऊन बसला. ह्याची सही म्हणजे कुणाची सही? आणि त्याला लाल गालिचा आपण घालायचा?”

आप्पा सुपारी कातरत होते. “गुरुजी, लोकांच्या माणसाची सही घेऊन आपण लाहोरहून आलोच की. सही खिशात, अन् हा डोंगरावर.”

“म्हणजे तुमचा ह्याच्यावर विश्वास आहे?”

“विश्वास?” आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला. “सुपारीएवढासुद्धा नाही. पण बंदुका त्याच्या हाताखाली आहेत. बोलणार कुणाशी, तिथल्या पोस्टमास्तराशी?”

हे आप्पांचं लाहोरचं बोलणं मला नंतर कितीतरी वेळा आठवलं. फेब्रुवारी ९९मध्ये वाजपेयी बसने वाघा ओलांडून गेले, मिनार-ए-पाकिस्तानवर गेले, शरीफांशी लाहोर जाहीरनामा केला. वाघ्यावर स्वागताला पाकिस्तानच्या सेनादलांचे प्रमुख नव्हते. आम्ही टीव्हीवर टाळ्या वाजवत होतो तेव्हा आप्पांनी विचारलं होतं, “टोपीवाले कुठायत रं?” कुणी लक्ष दिलं नाही, मीही नाही.

आग्र्याचं पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. सोमवारी सकाळी मुशर्रफ यांनी संपादकांना न्याहारीला बोलावलं आणि काश्मीर, काश्मीर, काश्मीर केलं. ते सगळं चॅनेलवर दाखवलं गेलं. मी बँकेत जायच्या घाईत केसांत पिना खोचत पाहत होते. माणूस तयारीचा होता, हे कबूल करायला हवं. सभेत बोलणाऱ्यांपैकी नव्हता, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारा. मामा म्हणाले, “बघा, सरळ आग्र्यात बसून दिल्लीला दम देतोय.” दोन्ही बाजूंच्या मसुद्यांवर दिवसभर घोळ चालला आणि रात्री उशिरा मुशर्रफ कोऱ्या हातांनी इस्लामाबादला परतले. अजमेरला जायचं ठरलं होतं, तेही राहिलं. तेव्हाचे गृहमंत्री अडवाणींनी पुढे आपल्या आठवणींत लिहिलं, की पहिल्याच भेटीत त्यांनी दाऊदला आमच्या हवाली करा म्हटलं तेव्हा पाहुण्याच्या चेहऱ्याचा रंगच बदलला. मुंबईत ९३ सालच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न रास्तच वाटणार. पण स्वागताच्या दिवशीच तो काढायचा होता का, यावर आमच्या ओसरीवर वेगळी अर्धी रात्र गेली.

मग १३ डिसेंबर. संसदेवर हल्ला. सैन्य सीमेवर गेलं, सगळ्यांच्या रजा रद्द. दादाचं लग्न फेब्रुवारीत ठरलेलं, पत्रिका छापून आलेल्या. त्या पत्रिकांचा गठ्ठा आईने कणगीमागे ठेवला. तारीख गेली तरी तिला तो टाकवेना. जानेवारीत काठमांडूला सार्क परिषदेत मुशर्रफ भाषण संपवून तडक वाजपेयींकडे चालत गेले आणि हात पुढे केला. वाजपेयींनी उठून तो घेतला आणि मग आपल्या भाषणात ऐकवलंही, की मी लाहोरला गेलो तर कारगिल मिळालं, आग्र्याला बोलावलं तर संसदेवर हल्ला मिळाला. आठवड्याने मुशर्रफ यांनी टीव्हीवर येऊन लष्कर-ए-तोयबा आणि जैशवर बंदी घातली. मामा फोनवर हसले, “कागदावरची.” आणि मे महिन्यात कालूचक झालं. जम्मूजवळच्या लष्करी वसाहतीत घुसून जवानांच्या बायकापोरांना मारलं. त्या रात्री मी आप्पांना नाही नाही ते बोलले. कुणाशी बोलायचं म्हणता तुम्ही, हेच का तुमचं बंदूकवाल्याशी बोलणं? आप्पा काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन बैलांना वैरण टाकून आले. मला वाटलं, हरले.

दादाचं लग्न २००३च्या मे महिन्यात झालं, नव्या पत्रिका छापून. लगेच त्याची पोस्टिंग पूंछकडे, नियंत्रण रेषेवर. तो सांगायचा ते तिथलं जिणं इथे कुणाला कळायचं नाही. समोरच्या टेकडीवर पाकिस्तान्यांचं मोर्चाचं ठाणं, इतकं जवळ की त्यांच्या रेडिओवरची गाणी ऐकू येत. दिवसा उघड्यावर फिरायचं नाही. रसद रात्री. धूर दिसला की तोफ येते, म्हणून चूलसुद्धा आडोशाने. कपडे धुतले तर बंकरमध्येच वाळत घालायचे, आणि ते कधीच पुरते वाळायचे नाहीत. ओली बनियनं घालून घालून त्याच्या काखेत, पाठीवर गजकर्ण झालेलं. वहिनी पार्सलमध्ये मलमाच्या ट्यूबा घालून पाठवायची.

२५ नोव्हेंबर २००३च्या मध्यरात्रीपासून शस्त्रसंधी लागली. ईदच्या तोंडावर पाकिस्तानने पुढाकार घेतला, आपण होकार दिला. दादाचा फोन चार-पाच दिवसांनी आला. मी विचारलं, तिकडं कसं आहे? म्हणाला, “ताई, आज बनियनं बाहेर दोरीवर वाळत घातली. उन्हात. कडक झालीत बघ पापडासारखी.”

फोन आप्पांनी घेतला. त्यांनी एकच विचारलं, “कुंपणाचं काम सुरू झालं का?”

हे मला तेव्हा कळलंच नाही. नियंत्रण रेषेवर तारेचं दुहेरी कुंपण घालायचं काम आपलं लष्कर करत होतं, पण गोळीबारात ते पुढे सरकत नव्हतं. खांब रोवायला गेलं की समोरून मशिनगन. शस्त्रसंधीच्या शांततेत ते भराभर झालं, २००४मध्ये पुरं झालं. दादा त्या कामावर होता. खांद्यावरून काटेरी तारेची भेंडोळी डोंगर चढवत होता आणि समोरच्या टेकडीवरून पाकिस्तानी शिपाई चहा पीत बघत होते. निषेध कागदावर होत होता, पण गोळी येत नव्हती. ज्या माणसावर सुपारीएवढाही विश्वास नाही, त्याने बंद ठेवलेल्या बंदुकांसमोर आपण त्याच्यावरच्या अविश्वासाचं कुंपण घालून घेतलं.

जानेवारी २००४ला इस्लामाबादेत निवेदन निघालं, पाकिस्तानच्या ताब्यातला कुठलाही भूभाग दहशतवादासाठी वापरू देणार नाही, असं मुशर्रफ यांच्या तोंडून. त्याआधी डिसेंबरात त्यांच्यावरच दोन हल्ले झाले होते, अकरा दिवसांच्या अंतराने, रावळपिंडीत. साप स्वतःच्या घरात फिरायला लागला की काठी शोधतोच माणूस. मन बदललं की गरज बदलली, देव जाणे. एप्रिल २००५मध्ये श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुटली, मुशर्रफ दिल्लीत कोटलावर मॅच बघायला आले आणि आपण १५९ धावांनी हरलो. त्या हरण्यावर मामा आणि आप्पा दोघंही सारखेच चिडले, ही एक नोंद.

पण मामांचंही मी इथे लिहिलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. २००७ साली मुशर्रफ यांनी सरन्यायाधीशांना हटवलं, काळे कोट घालून वकील रस्त्यावर आले, नोव्हेंबरात आणीबाणी लागली. मामा आजारी होते तरी रोज पेपर मागून घेत. मला म्हणाले, “बाळ, एका माणसाशी केलेला सौदा त्या माणसाबरोबरच जातो. मागे कुणी नसतं निस्तरायला.” ऑगस्ट २००८ला मुशर्रफ यांनी राजीनामा दिला. मनमोहन सिंगांच्या माणसांनी पडद्याआड काश्मीरवर बरंच अंतर कापलं होतं, ते तिथेच राहिलं. नोव्हेंबरात २६/११. मामा ते बघायला नव्हते, दिवाळीआधीच गेले. तेराव्याला आप्पा त्यांच्या चरख्यासमोर बराच वेळ बसून होते.

तर त्या रविवारी घाटे सोलून झाल्यावर मी आप्पांना उठवून सांगितलं, मुशर्रफ गेला. कान आता कमी झालेत, दोनदा सांगावं लागलं. ग्रुपवरचं भांडणही सांगितलं, कोण काय म्हणतंय ते.

“गुरुजी असते तर थरूरला सोडला नसता,” म्हणाले, आणि हसले. मग दादाला हाक मारली. तो आता हवालदार होऊन घरी आलाय, गोठ्यात होता. शेणाच्या हातांनीच दारात येऊन उभा राहिला.

“तुझ्या त्या पोस्टवर,” आप्पांनी विचारलं, “दोरी कशाला बांधली होती रं? एक टोक बंकरला, अन् दुसरं?”

“कुंपणाच्या खांबाला,” दादा म्हणाला. “साहेब ओरडायचे.”