बिनचहाचं रक्त

एम. फार्मच्या शेवटच्या वर्षी मला प्रोजेक्ट मिळाला तो रक्तातलं कॅफीन आणि यकृत त्यापासून जे बनवतं ते मोजण्याचा. मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं एचपीएलसी मशीन होतं, एथिक्स कमिटीची परवानगी आली होती, सॅम्पल द्यायला वर्गातलेच तयार. दोन महिन्यांत आटपेल असं वाटलं. अडलं भलत्याच ठिकाणी: गोव्यात चहा न प्यायलेला माणूस मिळेना.

तो लागतो कॅलिब्रेशनसाठी. कॅफीन अजिबात नसलेल्या प्लाझ्मात, म्हणजे पेशी काढलेल्या रक्ताच्या द्रवात, आपल्या हातानं मोजून कॅफीन घालायचं, मिलीला ०.१ मायक्रोग्रॅमपासून १० पर्यंत, आणि प्रत्येकाचा पीक, म्हणजे स्क्रीनवरचा उंचवटा, किती येतो ते बघून रेघ काढायची. एक कप कडक कॉफी घेतली की तासाभरात रक्तात साधारण १ ते २ मायक्रोग्रॅम सापडतं. म्हणजे ‘रिकामा’ प्लाझ्माच रिकामा नसेल तर सगळंच गणित चुकलं.

निरोगी माणसाच्या शरीरातलं निम्मं कॅफीन जायला सरासरी पाच तास लागतात. म्हणून मी तीन दिवसांचं पथ्य लिहून काढलं: चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. पण आमच्या फोंड्यात सकाळच्या पाव-भाजीबरोबर चहा नसला तर जेवणात मीठ नसल्यासारखं होतं. त्यात चवथ आलेली. आरतीला ज्या घरी जाल तिथे कप हातात येतोच. पहिले दोघे दुसऱ्याच दिवशी गळाले. तिसरा, आमचा एक ज्युनिअर, टिकला.

तोवर माझं वेगळंच युद्ध चाललं होतं. कॅफीनवर तीन मिथाइल गट असतात. यकृत त्यातला एक काढतं आणि कुठला काढला त्यावर पॅराझॅन्थिन, थिओब्रोमिन किंवा थिओफिलिन होतं. ८० टक्क्यांच्या आसपास पॅराझॅन्थिनच. थिओब्रोमिन कॉलममधून, म्हणजे मशीनमधल्या घटक वेगळे करणाऱ्या नळीतून, आधी सुटतं, त्याचा त्रास नाही. पॅराझॅन्थिन आणि थिओफिलिन मात्र एकमेकांना चिकटून एकाच पीकमध्ये येत. मी म्हटलं, सर, बाहेर रेणूंचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर करून आणू? सर हसले. दोघांचं वजन १८०, फोडल्यावर मुख्य तुकडाही एकच. ती भांडणं कॉलमवरच मिटवायची.

कॉलममधून वाहणाऱ्या द्रवातलं मेथॅनॉल कमी केलं, फ्लो कमी केला, ओव्हनचं तापमान हलवून बघितलं. पावसात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. तीन आठवड्यांनी त्या द्रवात, म्हणजे मोबाइल फेजमध्ये, जेमतेम एक टक्का टेट्राहायड्रोफ्युरान हे सॉल्व्हंट घातलं आणि त्या जाडजूड पीकच्या डोक्यावर बारीकशी खाच पडली. दुसऱ्या दिवशी ती खाली बेसलाइनपर्यंत उतरली. त्या खाचेचा फोटो अजून मोबाइलमध्ये आहे.

मग ज्युनिअरचं रक्त. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा काढला. त्यात थंड अॅसिटोनायट्रिल घातलं की प्रोटीन फुटतं, अगदी नासलेल्या दुधासारखं. पुन्हा फिरवायचं, वरचं नितळ पाणी नायट्रोजनखाली सुकवायचं, मोबाइल फेजमध्ये विरघळवून मशीनला द्यायचं. डिटेक्टर २७३ नॅनोमीटरवर लावलेला.

स्क्रीनवर कॅफीनचा ऐटदार पीक.

मी आधी काचसामानावर संशय घेतला, मग माझ्याच थर्मासवर. सगळं धुतलं. नुसतं सॉल्व्हंट चालवलं, ते स्वच्छ. तेव्हा कुठे शेजारी बघितलं: पॅराझॅन्थिनही होतं. चहा-कॉफीतून पॅराझॅन्थिन येत नाही म्हटलं तरी चालेल, ते यकृतच करतं. म्हणजे कॅफीन बाटलीत सांडलेलं नव्हतं, पोटातून आलेलं होतं. खाच पडली नसती तर हे कळलंही नसतं.

ज्युनिअरला गाठलं. “चहाला हात लावला नाही गो ताई, देवाशपथ! डोकं ठणकत होतं म्हणून एक गोळी घेतली फक्त.” पाकीट मागवलं. पॅरासिटामॉलच्या जोडीला कॅफीन छापलेलं. चहा सोडला म्हणून डोकं दुखलं, आणि त्यावरच्या गोळीत पुन्हा तेच. त्याला काय बोलणार? माझ्या पथ्याच्या कागदावर औषधांची ओळच नव्हती.

शेवटी आत्या आठवली. पित्तापायी तिनं चहा कधीच सोडलाय. सकाळी पेज, दुपारी सोलकढी, गोळ्या शून्य. फॉर्म नीट वाचून तिनं सही केली आणि विचारलं, “माझ्या रक्तात काहीच नाही, ते बघायला एवढं मोठं मशीन?”

हो, तेच बघायला. कॅफीनच्या जागी स्क्रीनवरची रेघ सपाट आली. पुढची सॅम्पलं पंधरा दिवसांत संपली. सिगरेट ओढणाऱ्या दोघांमध्ये कॅफीनच्या मानानं पॅराझॅन्थिन जास्त निघालं. धुरानं यकृतातलं सीवायपी१ए२ एन्झाइम वाढतं, त्यामुळे ते अपेक्षितच होतं.

आत्याचा उरलेला प्लाझ्मा उणे २० च्या फ्रीझरमध्ये आहे. गेल्या आठवड्यात नव्या बॅचची एक मुलगी मागायला आली. दोन मिली दिला, वहीत सही घेऊन.