वय: अंदाजे

आमच्या नगरपरिषदेचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या मलाच खुलासा द्यावा लागेल. दक्षिण कोकणात, समुद्रापासून चालत दहा मिनिटं, एवढं पुरे. मी बांधकाम विभागात कंत्राटी आहे, आणि बागा, झाडं, मोकाट गुरं असलं जे कुणालाच नको असतं ते अतिरिक्त कार्यभार म्हणून माझ्या टेबलावर येतं.

गावात एकच म्हणावी अशी बाग आहे. एक गुंजभर तुकडा, आजूबाजूला घरं, एका बाजूला जांभ्याचं कंपाउंड, तेही दोन ठिकाणी ढासळलेलं. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, आरक्षण 'बगीचा'. ते बदलून 'शॉपिंग सेंटर' करायचं, खाली पार्किंग, वर दोन मजले गाळे, बीओटीवर. म्हणजे बिल्डर स्वतःच्या पैशाने बांधणार, काही गाळे आपल्याला देणार, बाकीचे तो ठराविक वर्षं वापरून मग परत करणार. आणि खरं सांगू का, कॉम्प्लेक्स नकोच असं माझं म्हणणं नव्हतं. घरपट्टी वसूल होत नाही, माझा स्वतःचा पगार दोन-दोन महिने लटकतो, गाळ्यांचं डिपॉझिट आलं तर निदान तो तरी वेळेवर होईल असं मला पण वाटलं होतं, वाटलं नव्हतं असं म्हणणं खोटं होईल.

आरक्षण बदलायचं तर नगररचना कायदा 1966 चं कलम 37. राजपत्रात आणि पेपरात नोटीस द्यायची, लोकांना हरकती-सूचनांना एक महिना, मग सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडे. आमची नोटीस पेपरात आली ती ऐन शिमग्यात, पालख्या घरोघर फिरत होत्या तेव्हा. त्या दिवसांत कोकणातला माणूस पेपरच्या सातव्या पानावरची नोटीस वाचणार म्हणजे अतिच झालं. नगरसेवकाला विचारावं तर तेव्हा नगरसेवकच नव्हते, मुदत संपून गेलेली, प्रशासक बसलेले. तरी सोळा हरकती आल्या, मला तर आश्चर्यच वाटलं.

आरक्षण अजून बदललेलं नव्हतंच, पण वरून तोंडी निरोप आला की तोवर झाडांचं उरकून घ्या.

तर मे 2023, सकाळचे साडेसात, आणि तेव्हाच घामाने ड्रेस पाठीला चिकटलेला. मी, आमचे मुकादम तात्या, एक टेप, लाल ऑइलपेंटची डबी, ब्रश, आणि बिल्डरच्या सल्लागाराने पाठवलेला एक मुलगा, चांगला पोरगा होता बिचारा, हातात त्यांची टाइप केलेली यादी. एकूण झाडं 14. माझं काम फक्त ती यादी जागेवर पडताळून सही करायची. तासाभराचं काम म्हणून मी डबा पण आणला नव्हता.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. या फाइलमध्ये जानेवारीतला एक पाहणी अहवाल आहे, त्यात शेरा आहे 'नागरिकांकडून वापर अत्यल्प'. तो माझ्याच अक्षरात आहे. मी तेव्हा गेले होते दुपारी साडेबाराला, त्या वेळी कोकणात कुत्रं पण बागेत बसत नाही. त्यात गेटला पाच वाजताच कुलूप, वॉचमन नाही, बिल थकलं म्हणून दिवे बंद, घसरगुंडीचा पत्रा मध्येच फाटलेला. आपणच बाग मारायची आणि आपणच लिहायचं की वापर नाही. साहेब म्हणाले असंच लिहा, मी लिहिलं, विषय संपला होता.

आता सकाळी साडेसातला बघते तर ढासळलेल्या कंपाउंडमधून निम्मं गाव आत. चालायला येणारे काका लोक, सुट्टीला आलेली मुंबईची पोरं क्रिकेट खेळतायत, दोन मासळीवाल्या पाट्या खाली ठेवून पाय पसरून बसलेल्या. गेटचं कुलूप तसंच लटकलेलं. तात्या म्हणाले, "मॅडम, हा तुमचा अत्यल्प वापर." तात्यांची रिटायरमेंट जवळ आली आहे, ते कुणालाही काहीही बोलतात.

मोजायला लागलो. झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर घेतात, छातीच्या उंचीला, माझ्या नाकाशी येतं ते. गुलमोहर, कांचन, दोन रेन ट्री, कोपऱ्यात एक पांगारा, कंपाउंडला लागून उंडी. तात्या नंबर टाकतायत, मी लिहितेय. चौदा झाले आणि अर्धी बाग राहिलेली. शेवटी आकडा आला 23. पोरगा म्हणाला मॅडम मी नाही केली ही यादी, मला फक्त दिली. मी म्हटलं माहीत आहे रे बाबा, मलाही सगळं दिलेलंच असतं.

यादीत आठ नंबरला 'बकुळ, घेर 85 सेमी, वय अंदाजे 25 वर्षे'. आमच्याकडे त्याला ओवळ म्हणतात. टेप लावली तर 148. परत लावली. टेपचं टोक तात्यांच्या हातात, म्हटलं नीट धरलंय ना, तर ते म्हणाले मी चाळीस वर्षं धरतोय. 148च. बुंधा काळपट, सालीला उभ्या भेगा, एका बाजूला जुना खिळा आत गिळलेला, खिळ्याचं फक्त डोकं दिसतंय. खाली फुलांचा नुसता सडा. आणि त्या सड्यात उकिडवी बसलेली एक म्हातारी, पदरात एकेक फूल टिपून घेतेय, आमच्याकडे बघतपण नाहीये.

मग बघितलं. "गो बाय, काय मोजतस?"

"झाडाचं वय काढतोय आजी."

"वय? माका इचार मगे."

आता हे वय म्हणजे काय भानगड ते सांगते. झाडांचा कायदा 1975 चा, पण 2021 ला त्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त वर्षांचं झाड म्हणजे हेरिटेज वृक्ष. आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाएवढी नवीन झाडं लावायची. म्हणजे यादीत 25 लिहिलं की पंचवीस रोपं, साधं झाड. पन्नास लिहिलं की पन्नास रोपं आणि वर हेरिटेज, मग कुणी सहजी सही करत नाही. त्या छोट्या रकान्यात काय आकडा पडतो त्यावर सगळं. आणि रोपं लावायची कुठे, गावातली एकुलती एक बाग तर हीच, तर त्याचं उत्तर फाइलमध्ये होतं: डम्पिंगच्या मागची जागा. तिथे नुसता कातळ, सुरुंग लावल्याशिवाय खड्डा होत नाही.

आजी म्हणाल्या, "माज्या थोरल्याक पयलीत घातलंय, त्याच पावसात गुरुजींनी पोरांकडसून लावून घेतल्यानी. थोरलो आता सत्तावन्नाचो. लिवन काढ."

मी तिथेच बोटांवर हिशेब केला. सत्तावन्न म्हणजे 1966 चा जन्म, पहिली सहाव्या वर्षी, म्हणजे 1972 चा पावसाळा. तेव्हा ही शाळेच्या मागची मोकळी जागा होती, बाग नंतर झाली. म्हणजे पन्नास पूर्ण, एक्कावन्नला महिना-दोन महिने कमी. सल्लागाराच्या पोराच्या पण लक्षात आलं, तो मोबाइल घेऊन लांब गेला.

"तोडतले काय गो?" आजींनी विचारलं. मी म्हटलं अजून काही ठरलं नाही. खरंच ठरलं नव्हतं, तरी ते वाक्य बोलताना मला कसंतरीच झालं.

पंचनामा तिथेच कट्ट्यावर बसून लिहिला. आजींचा जबाब घेतला, अंगठा नाही, व्यवस्थित सही केली त्यांनी, चौथी पास आहेत. दोन पंच म्हणून चालायला आलेले काका आणि एक मासळीवाली, तिने सही करायच्या आधी सगळं मोठ्याने वाचून घेतलं आणि एका ठिकाणी माझं शुद्धलेखन काढलं. थोरला भांडुपला असतो, त्याला आजींनी तिथूनच फोन लावला, दुपारपर्यंत त्याचा शाळा सोडल्याचा दाखला व्हॉट्सअॅपवर आला. संध्याकाळी मी शाळेत जाऊन जनरल रजिस्टर बघितलं, प्रवेश जून 1972. त्याची खरी प्रत हेडमास्तरांकडून घेतली. रकान्यात लिहिलं: बकुळ, घेर 148, वय 50 पूर्ण. 'अंदाजे' हा शब्द खोडला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. ओरडले वगैरे नाहीत, चहा मागवला. म्हणाले तुमचं चूक नाही हो, पण अंदाजे 48 लिहायला काय जातंय, झाड काय बर्थ सर्टिफिकेट दाखवणार आहे का. मी म्हटलं सर, दाखला जोडलाय. ते बराच वेळ पेनाशी खेळत बसले. कंत्राटाचं रिन्युअल जूनमध्ये होतं, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. झालं रिन्युअल, सांगून टाकते, पण तो महिना कसा गेला ते माझं मला माहीत.

सुनावणी पुढच्या आठवड्यात झाली, तिचं फार सांगण्यासारखं नाही. पंखा बंद, सगळे एकदम बोलत होते, व्यापाऱ्यांचे दोघे म्हणाले बाजारात पार्किंग नाही, तेही खरंच आहे. एक रिटायर्ड वकील काका निकाल घेऊन आले होते. बेंगळुरूत बागेची जागा नर्सिंग होमला दिली होती, ते रद्द करणारा हायकोर्टाचा निकाल 1991 ला सुप्रीम कोर्टाने कायम केला, आणि 1999 ला लखनौला अमीनाबादच्या पार्कात जमिनीखाली बांधलेला शॉपिंग कॉम्प्लेक्स पाडून पार्क परत करायला सांगितलं. साहेब म्हणाले, ते लखनौ झालं हो. काका म्हणाले, सुप्रीम कोर्ट एकच असतं. माझा जानेवारीचा शेरापण त्यांनीच वाचून दाखवला, मोठ्याने, आणि विचारलं हे कुणी लिहिलं. मी हात वर केला. मग साहेब म्हणाले, पंचनामा पण यांनीच लिहिलाय, माझ्या बाजूने की विरुद्ध ते मला अजून कळलेलं नाही.

झाडांची फाइल वरून तीनदा परत आली. पहिल्यांदा पानांना नंबर नाहीत म्हणून. दुसऱ्यांदा घेर नक्की कुठे मोजला त्याचा फोटो नाही म्हणून, तेव्हा तात्यांना भर पावसात टेप धरायला लावून फोटो काढला, त्यात तात्या कमी आणि छत्री जास्त आलीय. तिसऱ्यांदा शेरा होता: 'सोबत जोडलेला दाखला विद्यार्थ्याचा आहे, झाडाचा नाही. खुलासा करावा.'

मी खुलासा लिहिला, 'झाडास दाखला देण्याची तरतूद नाही'. जावक नंबर टाकला आणि पाठवला. त्यानंतर फाइल आलेली नाही. बागेचं कुलूप तसंच आहे, लोक कंपाउंडमधूनच जातात, आणि आठ नंबरचा लाल पेंट दोन पावसाळ्यांत बराच उडालाय, तात्या असते तर परत मारून घेतला असता.