घंटा, कबुतरं आणि सर्दी

लिफ्टच्या बटणाचा दिवा लागलेला असतो. म्हणजे निरोप वर पोचलाय. तरी मागून येणारा प्रत्येक जण ते पुन्हा एकदा दाबतोच, आणि एखादा तर अंगठा रोवूनच उभा राहतो. दार उघडतं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान बघण्यासारखं असतं. लिफ्ट त्यानेच खेचून आणलेली असते ना!

हसायचं कारण नाही, कबुतरंही हेच करतात. १९४८ साली स्किनर या मानसशास्त्रज्ञाने भुकेली कबुतरं पिंजऱ्यात ठेवून ठरावीक वेळाने दाणे आपोआप पुढे येतील अशी सोय केली. कबुतर काहीही करो, दाणे यायचेच. तरी एक गिरक्या घेऊ लागलं, एक वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं, दोघं नुसतीच डुलू लागली. दाणे आले तेव्हा जे चाललं होतं तेच त्यांनी धरून ठेवलं, असं स्किनरचं म्हणणं. पुढच्या संशोधकांनी त्यालाच हरकत घेतली : अन्न येणार म्हटल्यावर कबुतरं एरवीही अशीच चुळबुळतात. म्हणजे कबुतरांच्या कारणांचंही कारण वादात. मजाच आहे.

आपलं सर्दीचं तेच. ती बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपली आपण जाते. पण गोळ्या, वाफ, गुळण्या आपण सुरू कधी करतो? पुरते बेजार झाल्यावर. त्यानंतर उतार पडायचाच असतो. मग शेवटी केलेल्या उपायाचा जयजयकार. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, की कावळ्याला पदक!

संशयिताला बाजूला काढून बघणं, ही खरी परीक्षा. व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने ती चिकाटीने घेतली. तिथे प्रसूतीचे दोन विभाग होते. वैद्यकीय विद्यार्थी शिकत त्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका दगावत. सुइणी शिकत तिथे कमी. हवेचा दोष म्हणावा, तर ती दोन्हीकडे सारखीच. गर्दीचा म्हणावा, तर ती दुसऱ्या विभागात अधिक. पहिल्या विभागातून एक पाद्री घंटा वाजवत मरणासन्न बायकांकडे जाई. त्या आवाजाचा धसका तर नव्हे? त्याची वाट बदलली, घंटा थांबवली. मृत्यू थांबले नाहीत. १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून एक सहकारी प्राध्यापक तसल्याच लक्षणांनी गेला आणि धागा सापडला. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे येत, सुइणी शवांना हात लावत नसत. क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं झालं. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आलं.

हात धुण्याची गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र ती घंटा जास्त आवडते. इतकी वेडगळ शंका, पण त्याने ती हसून उडवली नाही. तपासली आणि मगच सोडली. रोगजंतू त्यालाही ठाऊक नव्हते.

घरात हे जमणं कठीण. गुळण्यांवर भरवसा असलेल्या माणसाला 'पुढच्या सर्दीत काहीच न करता बघ' असं सुचवून पाहा. तो आपल्याकडे शत्रूसारखा बघेल आणि पाणी गरम करायला उठेल.